मोरीपाड्याचा बुडालेला थांबा

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, आणि लिहिणं म्हणजे परीक्षेत लिहिणं एवढंच मला ठाऊक. दुसऱ्या माणसाविषयी चार पानं लिहून लोकांपुढे ठेवावीत, असा माझा काही अधिकार नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांच्या कानावर हे गेलं तर ते काय म्हणतील, ही धास्ती आहेच. पण गाव आमच्या शेजारच्या हशाकाकांना नुसतं हसतं, आणि ते मला बरं वाटत नाही. म्हणून हे धाडस.

हशाकाकांचा रेल्वेकडून एक थांबा येणं आहे.

पैसे नव्हेत, थांबा. आमचा मोरीपाडा चिंचोटीच्या बाजूला आहे. रेल्वेच्या हिशेबी आम्ही म्हणजे एक पिवळी पाटी, एक पत्र्याची शेड आणि मातीचा फलाट. दिवसातून मोजक्या पॅसेंजर गाड्या थांबतात. एखादा नवखा ड्रायव्हर पाटी दिसेपर्यंत पुढे निघूनही जातो. मग गाव चार शिव्या घालतं आणि टमटम पकडतं. हशाकाका मात्र अशा एका दुपारनंतर थेट जंक्शनला गेले आणि स्टेशनमास्तरांना म्हणाले, “तुमचे गाडीनं आमचा थांबा बुडवला. तो भरून द्या.”

मास्तर भले होते. त्यांनी तिकिटाचे पैसे परत मिळण्याची काय सोय आहे ते सांगितलं. तर काकांनी तिकीट काढलंच नव्हतं. ते त्या गाडीत बसणारच नव्हते. मग मास्तरांनी तक्रारवही पुढे केली. काका म्हणाले, “लिहायला नाय आलो. मागायला आलो.” मागणी अशी, की उद्या गाडी मोरीपाड्याला दोनदा थांबवायची. एकदा रोजच्यासारखी, आणि मग जरा पुढे सरकवून पुन्हा एकदा.

“दोनदा थांबवून करणार काय?” मास्तरांनी विचारलं.

“ते आमचं आम्ही बघू. तुम्ही थांबवा.”

हे वेडेपण वाटेल. पण त्याचं मूळ आमच्या विहिरीत आहे. विहीर चार घरांची सामाईक. भेंडी, वांगी, थोडा मोगरा, सगळं त्या एका पाण्यावर. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. कुणाच्या पाळीला वीज गेली, मोटर जळली, घरात मयत झालं, तरी त्याची पाळी मरत नाही. पुढच्याने आपल्यातली काढून ती भरून द्यायची. त्याबद्दल पैसे घेणं हलकं समजतात. वाफ्याला पाणी लागतं, त्याच्या कडेला बसून नोटा मोजून भेंडी वाढत नाही. काकांनी हा एक नियम उचलला आणि सगळ्या जगाला लावला. “पाळीला पाळी” हा त्यांचा शब्द.

एकदा एका लग्नात वाढप्याने गडबडीत त्यांच्या पानाला जिलेबी न वाढता पुढची पानं गाठली. पंगत उठली तरी काका बसून. दुसरी पंगत बसली, तिच्यातही काका. जिलेबी आली तशी वाढप्याने चूक उमजून पानात ढीग घातला. काकांनी एक ठेवली, बाकीच्या परत केल्या. येणं एकच होतं.

निवडणुकीत एक उमेदवार घरोघर हात जोडत फिरला आणि काकांचं घर नेमकं राहिलं. काका दुसऱ्या सकाळी त्याच्या बंगल्यावर हजर. तो घाबरून विचारतो, काय काम आहे, रस्त्याचं आहे का, नळाचं आहे का. काका म्हणाले, नमस्कार राहिलाय. त्याने हात जोडले. काकांनी जोडले आणि परत आले. मत त्याला दिलं की नाही ते सांगितलं नाही.

तर रेल्वेशी हे वर्षानुवर्षं चाललं. जंक्शनचे मास्तर बदलले. जुने मास्तर जाताना नव्याच्या हाती किल्ल्या, शिक्के आणि हशाकाका सोपवत असावेत, असा माझा तर्क आहे. भाजीच्या टोपलीबरोबर काका जंक्शनला जायचे. टोपली विकली की मास्तरांच्या दारात उभे राहायचे. आवाज चढवायचा नाही, बाकावर बसायचं नाही. कुणी चहा दिला तर घेत नसत. चहाने थांबा फिटला असं कुणी म्हणायला नको.

मी कॉलेजात जायला लागल्यावर एकदा त्यांनी मला बरोबर नेलं. कालेजातलं पोर बोललं म्हणजे साहेबाला पटेल, अशी त्यांची समजूत. मी वाटेत मनाशी सगळं घोकलं होतं. मास्तरांसमोर मात्र माझ्या तोंडून एवढंच निघालं, की सर, शक्य असल्यास, म्हणजे गैरसोय होत नसल्यास. मास्तर माझ्याकडे पाहून म्हणाले, “बाळा, तू तरी समजाव त्यांना. गेलेली गाडी कशी थांबवू मी?”

परतताना माझी मान खाली होती. काका रागावले नव्हते. म्हणाले, “माझं पन पहिले वेळेला असंच झालेलं.”

त्या दिवशी मी धीर करून विचारलं. एक गोष्ट मला बरेच दिवस सलत होती. गाडी त्यानंतरही कितीदा तरी मोरीपाडा चुकवून गेली होती. त्या थांब्यांविषयी काका चकार शब्द काढत नसत. त्यांना तो एकच हवा होता. का?

टमटममध्ये त्यांनी रिकामी टोपली मांडीवर घेतली. मग म्हणाले, “त्या गाडीत वेनू होती.”

वेणू म्हणजे त्यांची धाकटी बहीण. भिवंडीकडच्या एका गावात दिलेली. बिल्डरची माणसं आमच्याकडे जमिनी बघत फिरायला लागली, तेव्हा भावाबहिणीचं फाटलं. तिला तिचा वाटा विकायचा होता, यांना जमिनीला हात लावू द्यायचा नव्हता. ती म्हणाली, माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू नको. हे म्हणाले, तुझं माहेर बुडालं समज. आमच्यात लेक जत्रेला माहेरी येते ती भाऊ मुराळी होऊन आणायला गेला की. काका गेले नाहीत, ती आली नाही. कित्येक जत्रा गेल्या. मग एका जत्रेच्या आदल्या दिवशी कुणाकडून तरी कळलं, की वेणू दुपारच्या गाडीने येतेय. बोलावण्याशिवाय. आपली आपण.

“मी फलाटावर होतो,” काका म्हणाले. “खिडकीत बघितली तिला. गाडी थांबलीच नाय.”

ते टमटमने पुढच्या स्टेशनला गेले, तोवर ती उलटी गाडी पकडून परत गेली होती.

मी म्हटलं, काका, गाडी तर रोज थांबते. रोजच्या गाडीने त्या येऊ शकतात. तुम्ही जाऊ शकता.

“रोजचा थांबा रोजचे लोकांचा. तिची पाळी त्या दिसाची होती. तिची पुरी झाल्याबिगर माझी कशी लावू?”



पुढच्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजचं शिबिर नेमकं त्यांच्या बहिणीच्या गावात लागलं. आम्ही रस्त्याला मुरूम टाकत होतो. मी घर विचारत गेलो. वेणूआत्या दारात वाल सोलत बसल्या होत्या. मोरीपाड्याचा आहे म्हटल्यावर त्यांनी पाणी दिलं आणि कुणाचा रे तू, असं विचारलं. हशाकाकांचं नाव घेतलं तशा त्या पुन्हा वाल सोलायला लागल्या. मग वालाकडे बघत म्हणाल्या, “काठी उगारलीन त्याने माझ्यावर. मी आपल्या पायाने चाललेली, आनि हा फलाटावरशी काठी उगारून वरडतो. मी उतरू नये म्हनून.”

मला आधी कळेना. मग कळलं. थांबा चुकतोय हे दिसल्यावर काकांनी काठी उगारली होती ती ड्रायव्हरवर. ओरडले होते ते गाडीवर. आणि खिडकीत बसलेल्या वेणूआत्यांना, भाऊ समोर पाहून, दुसरं काही दिसलंच नव्हतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं. जंक्शनचे मास्तर, दोनदा थांबवायची गाडी, न घेतलेला चहा. त्यांनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय ते मला नक्की सांगता येत नाही. “येडा हाय तो,” एवढं म्हणाल्या. “लहानपनापासून.” मी निघताना त्यांनी निरोप दिला.

मोरीपाड्याला पोचलो तेव्हा काका विहिरीवर होते, पाणी वांग्यांच्या वाफ्यात वळवत. मी काठीचं सांगितलं. त्यांचा हात फावड्यावरच राहिला. पाणी वाफा भरून वाटेवर वाहायला लागलं, तरी त्यांनी बांध घातला नाही.

“ड्रायव्हर पुढे होता,” ते म्हणाले. “मी पुढे बघत होतो.”

“आत्यांना सांगितलं मी ते.”

“मग?”

“म्हणाल्या, आपलं आपण यायचं मी एकदा केलं, पुन्हा नाही करणार. आता पाळी त्याची. या जत्रेला मुराळी आला तर दार उघडं आहे.”