रिकामा ट्रेलर

सोमवारी सकाळी वर्लिन टॅकेटने ट्रेलरच्या टायरांना एकेक लाथ मारून पाहिली, दिवे तपासले, मागच्या दारांचा दांडा हलवून पाहिला आणि आत न डोकावताच तो गाडीत चढून बसला. रिकाम्या डब्यात काय बघायचं? शुक्रवारी संध्याकाळी त्याने गाडी चर्चच्या मागच्या मैदानात लावली, तेव्हा आत एक फळकूटसुद्धा नव्हतं. त्याच्या घरापुढच्या गल्लीत एवढं धूड वळत नसे, म्हणून पाद्रीबुवांनीच त्याला ती जागा वापरायला दिली होती.

आठवडाभर केंटकी, ओहायो, इंडियाना या पट्ट्यात खोक्यांतला माल इकडून तिकडे न्यायचा, कधी कागदी रुमाल, कधी कुत्र्यांचं खाणं, आणि शनिवार-रविवार घरी यायचं, असं त्याचं आयुष्य होतं. त्या दिवशी बायकोच्या, म्हणजे डेल्फियाच्या हातची गरम, पावासारखी मऊ बिस्किटं आणि ग्रेव्ही पोटात होती, रिमझिम थांबली होती आणि गोदामात पोचायला वेळही भरपूर होता. डोंगर चढताना गाडी जरा जड ओढतेय असं त्याला वाटलं खरं. वारा उलटा असणार, असं म्हणून त्याने रेडिओ मोठा केला.

थोड्याच वेळात डेल्फियाचा फोन आला. होबार्टमामा सापडत नव्हते. शेजारच्या खोऱ्यात पूर आला होता, तिथल्या लोकांसाठी चर्चच्या बायकांनी सकाळी सामान गोळा केलं होतं. मामा मदतीला होते. मग पावसाचे थेंब पडायला लागले म्हणून सगळ्या तळघरात कॉफी प्यायला गेल्या आणि मामा कुठे गेले ते कुणालाच कळलं नाही.

वर्लिनने फारसं मनावर घेतलं नाही. डेल्फियाचे हे मामा ऐंशी ओलांडलेले. कानाने कमी, तोंडाने मजबूत. "ड्रायव्हरचं बरं असतं, बसल्या जागी पगार," हे वाक्य ते जावयाला दर रविवारी जेवणाबरोबर वाढत. न्हाव्याच्या दुकानात बघा, असा सल्ला देऊन त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या फोनला न्हाव्याचं दुकान बघून झालं होतं आणि माणसं ओढ्याच्या काठाने हाका मारत फिरत होती. आता मात्र वर्लिनने रेडिओ बंद केला. कसेही असले तरी घरचं माणूस. परत फिरावं का, असं त्याच्या मनात येतंय तोच तिसरा फोन आला. या वेळी डेल्फियाचा आवाज अगदी हळू होता. सामान न्यायला ट्रेलर आणणार होता तो पाद्रीबुवांचा पुतण्या, तो आत्ता उगवला होता. वाटेत त्याचं टायर बसलं होतं.

"मग सकाळी सामान कशात भरलं?" वर्लिनने विचारलं.

"तेच बघतोय सगळे. पाऊस आला म्हणून दारं लावून आम्ही खाली गेलो, वर आलो तर ट्रेलर नव्हता. आम्हाला वाटलं, पुतण्या ट्रेलर घेऊन गेलासुद्धा. वर्लिन, तू गाडी चर्चच्या मागेच लावली होतीस ना?"

"दर आठवड्याला तिथेच लावतो."

"पांढरा ट्रेलर."

"सगळेच पांढरे असतात, डेल्फिया."

पुढच्या विसाव्याच्या थांब्यावर वर्लिनने गाडी आत घेतली.

दारं उघडली आणि एक गादी त्याच्या अंगावर आली. मागे खोकी, पाळणा, शिलाई मशीन, कुणाच्या तरी आजीचं कपाट. तो सगळ्यावरून रांगत पुढे गेला. कपाटामागे, पाय लांब करायच्या खुर्चीत, गोधडी हनुवटीपर्यंत ओढून होबार्टमामा पडले होते. हालचाल काही नव्हती. वर्लिनने भीतभीत त्यांच्या खांद्याला हात लावला.

मामांनी एक डोळा उघडला. "पोचलो का?"

"मामा, तुम्ही इथं काय करताय?"

"जरा टेकलो होतो. मग अंधार झाला. म्हटलं, आज दिवस लवकर मावळला, तर झोपून घ्यावं."

वर्लिनने तिथेच बसून डेल्फियाला फोन लावला. चर्चच्या बायकांचा आनंदकल्लोळ त्याला इकडे ऐकू आला. पण तेवढ्यात त्याची नजर खुर्चीच्या हातावर गेली. हातावर काळी चिकटपट्टी होती, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने लावलेली होती.

"डेल्फिया," तो म्हणाला, "मामा माझ्या खुर्चीत बसलेत."

फोनवरचा कल्लोळ अचानक लांब गेला. ती बाहेर आली असावी.

"सकाळी तू बाजारात गेलास तेव्हा दिली," ती म्हणाली. "तू घरी असतोस दोन दिवस. ते दोन्ही दिवस तू त्या खुर्चीत झोपतोस, घोरतोस. घरात पलंग आहे, हे तुला ठाऊक तरी आहे का?"

वर्लिनने फोन ठेवला. त्याने कंपनीत रनीटाला फोन लावला. कुठल्या गाडीने काय न्यायचं, ते ही बाई ठरवायची, आणि आवाज म्हणून कधी चढवायची नाही.

"गाडीत काय आहे म्हणालास?"

"गाद्या, कपाट, शिलाई मशीन आणि बायकोचा मामा."

रनीटाने ते लिहून घेतलं. "मामा कुठं उतरवायचाय?"

पूर आलेलं गाव वाटेपासून फार लांब नव्हतं. तिने गोदामाची वेळ दुपारवर ढकलली आणि मामांना पुढे बसवायची परवानगीही मिळवली. मामा पुढच्या सीटवर बसले आणि अरुंद रस्त्यावरची तीन वळणं होईपर्यंत गप्प राहिले. चौथ्या वळणावर खाली नदी दिसली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. पगाराचा विषय त्यांनी काढला नाही.

पूरग्रस्तांच्या चर्चपाशी पंधरावीस माणसं धावत आली. सामान भराभर उतरलं. शेवटी खुर्ची राहिली. वर्लिनने दुसरीकडे बघितलं. ज्यांचं घरदार वाहून गेलं त्यांच्यापुढे एका खुर्चीचं काय घेऊन बसायचं, असं तो मनाला समजावत होता. तिथली देखरेख करणारी बाई खुर्चीभोवती एक फेरी मारून आली आणि त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "दादा, वाईट वाटून घेऊ नका. आमचं सगळं गेलं, खरं आहे. पण ही नको."

वर्लिनला अपमान वाटला, आणि त्याच वेळी आभाळ ठेंगणं झालं. मामांना न्यायला पाद्रीबुवांचा पुतण्या तिथे आला होता, त्याच्याबरोबर ते घरी गेले. खुर्ची ट्रेलरमध्येच राहिली.

गोदामाच्या फलाटावर लमाँट नावाचा मुकादम होता. ट्रेलर पूर्ण रिकामा हवा, खुर्ची असेल तर माल चढणार नाही, असं त्याने साफ सांगितलं. पुढे केबिनमध्ये ती मावेना. फेकून द्यायचं वर्लिनच्या जिवावर येईना. शेवटी लमाँटच म्हणाला की ड्रायव्हर लोकांच्या खोलीत ठेव, पुढच्या फेरीला घेऊन जा. त्या खोलीत एक लोखंडी बाक होता. त्यावर बसून माल चढायची वाट बघताना भल्याभल्यांचं कंबरडं मोडे.

रात्री डेल्फियाने खुर्चीचं काय झालं ते विचारलं. गरजूंकडे आहे, असं वर्लिनने सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्यानंतर घरी तो मुकाट पलंगावर झोपू लागला. नवऱ्यात एवढा बदल कसा झाला, याचं डेल्फियाला नवल वाटायचं. नवल रनीटालाही वाटायचं. माल चढायला उशीर झाला की गोदामवाल्यांना शिव्या घालणारा हा माणूस त्या एका गोदामाची फेरी आता दर आठवड्याला स्वतःहून मागून घेई.

एका दुपारी लमाँटने खोलीच्या दारातून हाक मारली, "टॅकेट, तुझा माल चढला. निघ आता."

वर्लिनने पाय आणखी थोडे लांब केले. "खोकी पुन्हा एकदा मोजून घ्या," तो डोळे न उघडता म्हणाला. "मला घाई नाही."