कोपऱ्याचा फ्लॅट

बँकेचा माणूस सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच बेल वाजली आणि संजय कर्णिकच्या तोंडचं पाणी पळालं. दाराच्या भिंगातून राजाभाऊ दिसत होते. अबुधाबीत आल्यापासून दर शुक्रवारी सकाळी ते चहाला यायचे, हे तो साफ विसरला होता.

"साहेब, प्लीज, पाच मिनिटं आत बसा."

"पण मिस्टर कर्णिक, तुमची सही..."

"होईल हो, इन्शाल्ला," म्हणत संजयने गुणवंत प्रधानांना टायसकट लेकीच्या, मिहिकाच्या खोलीत ढकललं.

प्रकरण नाजूक होतं. पंच्याण्णव साली संजयने नेरुळला तीस लाखांचा फ्लॅट घेतला. सहा वर्षांत भाव असे कोसळले की फ्लॅट सतराचा झाला आणि कर्ज मात्र चोविसावर ठाण मांडून बसलं. हप्ता अडीच हजार दिरहम, म्हणजे बत्तीस हजार रुपये. प्रधानांची बँक अशा बुडालेल्यांना कमी व्याजाचं नवं कर्ज देत होती. ते जमलं नाही तर बायकोला, वासंतीला, आणि मिहिकाला पुण्याला पाठवायचं ठरलं होतं. त्या विचाराने संजयला आठवडाभर अन्न गोड लागत नव्हतं.

राजाभाऊंपुढे हे बोलायची सोय नव्हती. संजयच्याच थापांना भुलून त्यांनी त्याच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला होता.

"काय भाव चाललाय आपल्या नेरुळला?" राजाभाऊंनी बिस्कीट बुडवत विचारलं.

"चाळीस," संजय पुटपुटला.

"मोठ्याने बोल रे. तुझा एसी म्हणजे पिठाची गिरणी आहे."

"चाळीस लाख, राजाभाऊ!"

"मी तर एक्केचाळीस ऐकलं. सव्वातीन लाख दिरहम झाले की. विकू नकोस हां."

मिहिकाच्या खोलीचं दार उघडलं. "मिस्टर कर्णिक, चाळीसचा फ्लॅट आहे तर आमची मदत कशाला हवी? तुमची केस खलास," म्हणत प्रधान बाहेर आले आणि थबकले. "राजाभाऊ सर, तुम्ही इथे? काल तर आमच्या बँकेत डोळ्यांत पाणी आणून सांगत होतात, त्या बिल्डिंगला सोळालाही कुणी विचारत नाही म्हणून."

राजाभाऊंचं बिस्कीट चहात बुडालं.

"खरा भाव कुठला?" प्रधानांनी विचारलं.

संजयने स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वासंतीकडे पाहिलं. "सतरा," तो म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग एकदम हलकं वाटलं.

"मी तुला सांगणारच होतो," राजाभाऊ ओशाळून म्हणाले. "पण तू दर शुक्रवारी इतका खुशीत असायचास."

सही झाली, प्रधान गेले. पुण्याला जायला पलंगाखालून काढलेली बॅग वासंतीने परत आत सारली.

राजाभाऊ दारात चपला घालताना घुटमळले. "पण संजय, बिल्डिंग एकच, मग तुझा एक लाखाने जास्त कसा रे?"

"कोपऱ्याचा आहे ना, राजाभाऊ," संजय म्हणाला. "परवा तर साडेसतरा ऐकलं."