डोळे मिटा, लॅपटॉप थांबला

मेघाचा लॅपटॉप अडकला तो नेमका पायऱ्यांवर. भिंतीला बांधलेल्या पांढऱ्या चादरीवर, प्रोजेक्टरच्या उजेडात, अल्लीपूरचं नवं विहार मोठ्या दिमाखात उभं होतं. बघणारा जणू फाटकातून आत शिरत होता, पायऱ्या चढत होता, आणि मध्येच सगळं जागच्या जागी गोठलं. माउस हलेना, एकही बटण ऐकेना. जुन्या विहाराच्या टिनाखाली घामाघूम झालेली गावातली सगळी जाणती माणसं त्या अर्धवट चढलेल्या पायरीकडे टक लावून बसली.

हा दिवस साधा नव्हता. मेघा नागपूरला शिकून आर्किटेक्ट झालेली, आणि अशी गावात ती पहिलीच. तिचे वडील बाबाराव विहार कमिटीचे सचिव. "घरची पोरगी असताना बाहेरचं डिझाइन काऊन?" असं सगळ्यांशी भांडून त्यांनी आजची बैठक मागून घेतली होती. अध्यक्ष वासुदेवराव म्हणजे निवृत्त मास्तर. हिंगणघाटच्या एका ठेकेदारानं दिलेला तयार नकाशा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घडी होऊन पडला होता. बुद्धपौर्णिमेला कोनशिला बसायची होती. तेव्हा मेघाचं विहार की खिशातलं विहार, एवढाच प्रश्न होता.

लॅपटॉपचं दुखणं मेघाला ठाऊक होतं. चित्र जड झालं की आतलं ग्राफिक्स कार्ड तापायचं आणि लॅपटॉप मान टाकायचा. तिनं कार्डाचं ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं होतं, सगळी सेटिंग कमी करून पाहिली होती, लॅपटॉपखाली वाट्या ठेवून तो उंच केला होता. सरळ व्हिडिओच बनवून न्यावा म्हटलं, तर तो बनता बनताच लॅपटॉप बंद पडायचा. आई कमलाबाईंनी तर ओला रुमाल पुढे केला होता, तापल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"काय झालं, बेटा?" वासुदेवरावांनी विचारलं, आणि त्यांचा हात आपसूक खिशाकडे गेला.

बाबारावांनी तो हात पाहिला. लेकीचा पांढराफटक पडलेला चेहराही पाहिला. आणि चटकन उभे राहून म्हणाले, "काई नाई झालं सर! तिनं मुद्दाम थांबवलं हाये. पायऱ्या नीट पाहून घ्या म्हणते. कोणाले काई इचारायचं असंल तं इचारा."

बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं होतं. खोटं न बोलण्याचं चौथं शील बाबारावांनी सगळ्यात खड्या आवाजात म्हटलं होतं, आणि ते अजून टिनाखालून बाहेरसुद्धा पडलं नसेल.

मेघा खाली मान घालून बटणं दाबत राहिली. शेवटी पुढे बसलेल्या रुख्माबाई गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मी इचारू काय वं माय?"

"इचारा ना आजी."

"ह्या पायऱ्या चढाले धराचं कुठी?"

कठडा तिनं मुद्दामच ठेवला नव्हता. "आजी, कठडा लावला की समोरचा भाग झाकून जाते. मोकळं चांगलं दिसते ना."

"बरं," रुख्माबाई शांतपणे म्हणाल्या. "दिसते तं चांगलंच. मंग मी खालीच बसत जाईन. तठूनच वंदन करीन."

त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते मेघाला जास्त लागलं. पण आता बायकांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. एकीला सासूचे गुडघे आठवले, एकीला स्वतःचं बाळंतपणानंतरचं कंबरडं आठवलं. विहाराच्या बैठकीत आजवर ज्यांनी फक्त चहा दिला होता त्या बोलायला लागल्या. तेवढ्यात लॅपटॉपला कुठूनशी दया आली, चित्र धाडकन पुढे सरकलं आणि सभागृहाच्या दाराशी जाऊन पुन्हा अडकलं.

"हेही मुद्दाम!" बाबाराव घाईघाईनं म्हणाले. "दार पाहून घ्या."

"दार झकास हाये," मागून एक जण बोलला. "पण एवढ्या लोकाइच्या चपला कुठी ठेवाच्या? जयंतीले तं ढीग लागते."

मग चपलांवर चर्चा पेटली. ती ऐन रंगात असताना चादर काळी झाली. लॅपटॉप पुरताच मेला होता. आता याला मुद्दाम म्हणायचं तरी कसं? बाबारावांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा तथागतांच्या मूर्तीकडे पाहिलं आणि हात जोडून जाहीर केलं, "आता आपण दोन मिनिटं आनापान करू. डोळे मिटा. श्वासाकडे लक्ष द्या."

"मीटिंगच्या मधातच?" वासुदेवराव चकित झाले.

"डोकं शांत राह्यलं म्हणजे निर्णय बराबर होते, सर."

याला नाही कोण म्हणणार? सगळ्यांनी डोळे मिटले. मेघानं बटण दाबून धरलं आणि लॅपटॉप पुन्हा चालू केला. सुरू होताना तो टुंगकन वाजला, आणि घंटा झाली असं समजून मंडळींनी डोळे उघडले. पुढे सभागृह आलं, लॅपटॉप मेला, डोळे मिटा. खिडक्या आल्या, मेला, डोळे मिटा. त्या दुपारी अल्लीपुरात जेवढं ध्यान झालं तेवढं पावसाळ्यातल्या अख्ख्या वर्षावासात होत नसेल. आणि दर खेपेला डोळे उघडले की कोणाला तरी काहीतरी नवं सुचलेलं असायचं.

संध्याकाळी वासुदेवराव म्हणाले, "पुढच्या रविवारी हे सारं सुधारून आण, बेटा. मंग ठरवू." पण नकाशा त्यांनी खिशातच ठेवला.

घरी येईस्तोवर मेघानं कसंबसं अवसान धरून ठेवलं, आणि दारातच तिला रडू फुटलं. "बाबा, तुमी खोटं काऊन बोलले? सारे माह्या डिझाइनच्या चुका काढत बसले! मी किती जीव लावून केलतं!"

बाबाराव उंबऱ्यावर टेकले. मग म्हणाले, "खोटं बोललो ते चुकलंच माहं. पण बाई, तू खरंच मुद्दाम थांबवलं असतं, तं काय बिघडलं असतं?"

त्यानं मेघाला आणखीच राग आला.

घरातल्या आतल्या खोलीत भाव यायची वाट बघत कापूस भरून ठेवलेला होता. रागावली की मेघा लहानपणापासून त्याच ढिगावर जाऊन बसायची. न रागावताही बसायची, कारण अशी मऊ बैठक नागपुरातसुद्धा नव्हती. सुट्टीला आली की लॅपटॉप कापसात ठेवून ती तिथंच काम करायची. त्या दिवशी मात्र बसता बसता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिनं आईच्या शिलाई मशीनचा पेचकस आणला, लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पंख्यात कापूस ठासून बसला होता! वारा जायला जागाच नव्हती, तर बिचारं कार्ड तापेल नाही तर काय करेल?

"अवं माय!" कमलाबाई वाकून बघत म्हणाल्या. "आमाले वाटे का तू इथी शिकून राह्यली. तू तं गादी भरून राह्यली होती!"

मेघाला रडता रडता हसू आलं. पंखा साफ झाला, लॅपटॉप गार पडला. आणि गार डोक्यानं बसल्यावर तिनं चित्रात पायऱ्यांना कठडा लावला, दाराशी चपलांसाठी ओटा आखला. आपण महिनोन्‌महिने हे विहार पाहिलं, पण ते चढून नाही पाहिलं, असं तिचं तिलाच वाटलं आणि ती मनातून ओशाळली.

पुढच्या रविवारी लॅपटॉप असा चालला की विचारू नका. फाटक, पायऱ्या, दार, सभागृह, खिडक्या, मूर्ती. कुठे अडकणं नाही, कुठे धक्का नाही. बघता बघता खेळ संपलासुद्धा. मेघानं अभिमानानं सगळ्यांकडे पाहिलं. सगळे एकमेकांकडे पाहत होते.

"आज बिघडली वाटते वं तुही मशीन," रुख्माबाई काळजीनं म्हणाल्या.

"नाई आजी! आजच तं चांगली झाली."

"मंग थांबली काऊन नाई? मांगच्या खेपेस कशी जागोजागी थांबे, माणसाले पाहू दे. आज चढलो का उतरलो, काईच समजलं नाई."

"खरं हाये," वासुदेवराव पुटपुटले आणि त्यांनी खिशातला नकाशा बाहेर काढला. "हे कागदावरचं कसंही असो, एका जागी तं राह्यते."

एवढं सगळं दुरुस्त केलं, आणि दुरुस्त झाल्यानंच हातचं जाणार! मेघानं वडिलांकडे पाहिलं. मग चित्र मागे नेलं आणि आपल्या हातानं, मुद्दाम, पायऱ्यांवर थांबवलं.

बाबारावांना चादरीवरचं चित्र थबकलेलं दिसलं. गेलं वाटते पुन्हा! ते ताडकन उठले. "डोळे मिटा! दोन मिनिटं आनापान!"

मंडळी आता तयार झाली होती. पटापट डोळे मिटले. "बाबा, चालू हाये ना," मेघा कुजबुजली, पण बाबारावांनी स्वतःचे डोळे सगळ्यांपेक्षा घट्ट मिटले होते.

एकट्या रुख्माबाईंचे डोळे उघडे होते. त्या कठड्याकडे बघत होत्या. त्यांनी हवेतच हात पुढे केला, मूठ वळली आणि मान हलवली. "एवढा जाड नको वं. माह्या मुठीत आला पाह्यजे."

मेघानं तिथल्या तिथं कठडा बारीक केला. "असा?"

"आता चढीन मी." म्हातारीनं मागे वळून मिटलेल्या डोळ्यांच्या रांगा न्याहाळल्या आणि ठणकावून म्हणाली, "हे विहार ज्याले पसंत नसंल, त्यानं हात वर करा."

एकही हात हलला नाही.

"रुख्माआजी," वासुदेवराव मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "आनापानात हात हालवत नाई."

"म्हणूनच आता इचारून राह्यली."

वासुदेवरावांच्या मिशीत हसू फुटलं. डोळे न उघडताच त्यांनी ठेकेदाराचा नकाशा आणखी एकदा दुमडला आणि ते त्यानंच वारा घ्यायला लागले.

"मेघा," बाबारावांनी हळूच विचारलं, "झाला काय चालू?"

मेघा पायऱ्यांकडे बघत होती. रुख्माबाईंची मूठ अजून हवेतच होती.

"थांबा बाबा," ती म्हणाली. "अजून थोडा वेळ."