आप्पांचा सूर

"काकूंना पटवायचं माझ्याकडे लागलं!" सेक्रेटरी छातीवर हात ठेवून म्हणाले, तेव्हा खजिनदारांनी कपाळाला हात लावला. सेक्रेटरींनी आजवर जे जे स्वतःकडे लावून घेतलं होतं, ते ते शेवटी खजिनदारांनाच निस्तरावं लागलं होतं.

"मी काय बोलणार आहे ते ऐका तरी!"

"नको. तुम्ही बोलणार आहात, एवढंच पुरे आहे."

प्रश्न वाद्यमित्र मंडळाच्या खोलीचा होता, म्हणजे मंडळाच्या जिवाचाच. मंडळाचं काम साधं. एखादा वाजवणारा माणूस जातो आणि त्याचं वाद्य घरात मागे उरतं. घरच्यांना ते ठेवता येत नाही आणि टाकवतही नाही. मंडळ ते घेऊन यायचं, दुरुस्त करायचं आणि ज्याच्याकडे वाद्य नाही अशा शिकणाऱ्याच्या हाती द्यायचं. हे सगळं सुरू केलं आप्पांनी, आणि वाद्यं ठेवली आपल्याच घराच्या तळमजल्यावरच्या लांबट खोलीत. आता आप्पा गेले होते. घर त्यांच्या पत्नीचं, म्हणजे काकूंचं होतं, आणि काकूंचा जावई दातांचा डॉक्टर होता. त्याला त्या खोलीत दवाखाना थाटायचा होता.

"रविवारी दुपारी खोलीतच बसू. दोघांचंही ऐकते आणि तिथंच काय ते सांगते," काकूंनी निरोप धाडला होता.

खोली गेली तर एवढी वाद्यं न्यायची कुठे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सेक्रेटरींच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पण माणूस असा, की उपाशीपोटीसुद्धा बढाया मारायचा!

मंडळाचा एक दंडक होता. आलेलं प्रत्येक तंतुवाद्य आप्पांच्याच सुरात लावायचं. तो सूर होता चांगलाच वरचा, पुरुषाच्या गळ्याला जड जाणारा. पण आप्पांचा सूर म्हणजे आप्पांचा सूर, तिथे वाद नाही! एरवी ही वाद्यं गवसण्यांत, म्हणजे कापडी खोळींत, मुकाट उभी असत. सेक्रेटरींचा बेत असा होता की झाडून सगळ्या गवसण्या काढायच्या, झाडून सगळी वाद्यं लावायची, मधोमध आप्पांचा फोटो ठेवायचा. काकूंना गलबलून येणार आणि खोली वाचणार!

गवसण्या निघाल्या आणि खोलीचं रूपच पालटलं. भिंतीला टेकून तंबोरे, मध्ये सतारी, वर खिळ्यांना व्हायोलिनं. एकेकाचा धनी कधीच निघून गेलेला. भर दुपारी खजिनदारांना वाटलं, आपण कुणाच्या तरी बैठकीत न बोलावता येऊन बसलोय.

"तुम्हाला नाही वाटत, हे सगळे आपल्याकडे बघतायत?"

"बघू देत की! आज त्यांचाच निकाल आहे," सेक्रेटरी म्हणाले खरे, पण त्यांनीही आवाज उगाचच खाली आणला.

ठरल्या वेळी काकू आल्या. शाल गळ्यापासून थेट नाकापर्यंत लपेटलेली. दाराजवळच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मागोमाग जावई आला तो हातात टेप घेऊनच, आणि आल्या आल्या भिंती मोजायला लागला.

"आई, इथे पेशंटची खुर्ची. इथे एक्स-रे. हे भोपळेबिपळे हलवले की जागा ऐसपैस आहे! अहो, आज आप्पा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं..."

म्म्म्म्म्...

जावई थांबला. आवाज कुठून आला ते कळेना. एका कोपऱ्यातून आल्यासारखा वाटला, मग चारही भिंतींतून. मधमाश्यांचं पोळं उठावं तशी सगळी खोली गुणगुणली आणि हळूहळू शांत झाली.

"फ्रिज असेल," जावई म्हणाला.

"इथे फ्रिज नाही," खजिनदार म्हणाले.

"मग बाहेर ट्रक असेल!"

सेक्रेटरी मात्र मनातल्या मनात हसले. एका सुरात लावलेली वाद्यं उघडी ठेवली, की जवळपास तोच सूर लागताच तारा आपोआप बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं. जावयाचा आवाज चिरका, लागला असेल सूर चुकून! त्यांनी खजिनदारांना डोळ्यांनी 'काळजी नको' असं खुणावलं.

जावयाने टेप पुन्हा ओढली. "तर काय सांगत होतो, आप्पांच्या आत्म्याला..."

म्म्म्म्म्म्म्...

या वेळी जावयाने तोंड बंद केलं तरी आवाज थांबेना! खजिनदार बोलत नव्हते, सेक्रेटरी बोलत नव्हते, जावई तर श्वासही घेत नव्हता. मग तारांना जागं कोण करत होतं? समोरच्या तंबोऱ्याची तार डोळ्यांना दिसेल अशी थरथरत होती. आप्पांच्या फोटोची काचसुद्धा बारीक वाजत होती. सेक्रेटरींच्या सगळ्या ज्ञानाचं पाणी पाणी झालं. त्यांनी खिडक्या लावल्या, तर आवाज अधिकच घुमायला लागला. उघडायला गेले, तर हाताला कडी सापडेना!

"तुम्ही करताय ना हे?" ते खजिनदारांच्या कानात ओरडले.

खजिनदारांनी तोंडात कोंबलेला रुमाल बाहेर काढून दाखवला आणि परत कोंबला.

आवाज विरला. सगळं चिडीचूप झालं. तेवढ्यात डोळे मिटलेल्या काकू संथपणे म्हणाल्या, "अहो... तुम्हीच आहात ना?"

म्म्म्म्म्...

सेक्रेटरी खजिनदारांच्या मागे दडले. जावई टेपसकट दाराकडे सरकला.

"इथे दवाखाना झालेला चालेल तुम्हाला?"

कुठेच काही वाजलं नाही.

"मग वाद्यं राहू देत?"

म्म्म्म्म्म्म्म्म्म्!

खोली अशी घुमली की वरचं एक व्हायोलिन खिळ्यावर डुलायला लागलं! "आई, मला चौकातली जागा जास्त सोयीची आहे!" एवढं म्हणून जावई बाहेर पडला. टेपचं एक टोक दारात अडकलं होतं, त्यामुळे ती फाटकापर्यंत त्याच्यामागे उलगडत गेली.

सेक्रेटरींनी आप्पांच्या फोटोपुढे हात जोडले. खोली वाचली होती, पण आता तिथे यायचं कसं? "आप्पा, तुम्ही सांगाल ते करतो! रोज येतो, रोज झाडतो! फक्त माझ्याशी बोलू नका हो!"

म्म्म्म्... खॉक्! खॉक्!

आवाज तुटला. सेक्रेटरींनी चमकून खजिनदारांकडे पाहिलं. भूत खोकतं?

"पाणी आण रे आधी!" शालीतून लालबुंद झालेला चेहरा बाहेर काढत काकू म्हणाल्या. "घसा गेला माझा पार!"

"काकू, तुम्ही?"

"मग काय आप्पा? तोंड मिटून नुसता 'म्' धरला, की पुढचं तुमच्या तारा करतात. जावयाला मी तोंडावर नाही कसं म्हणू? पोरगी दिली आहे ना त्यांच्याकडे! हे परस्पर झालं ते बरं."

सेक्रेटरींनी पाण्याचा पेला पुढे केला. "पण काकू, नेमका आप्पांचा सूर कसा लागला तुम्हाला? आम्हाला पेटी घेऊन बसावं लागतं."

काकूंनी दोन घोट घेतले आणि फोटोकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, तरी ओठांवर हसू होतं.

"त्यांचा कसला? ह्यांना कधी सूर सापडायचाच नाही, बाबा! आतून मी गुणगुणायचे, ते इथे बसून त्यात तंबोरा लावायचे. जन्मभर चाललं होतं. ते गेल्यावर तुम्ही सगळ्यांनी त्याला 'आप्पांचा सूर' म्हणायला सुरुवात केलीत. म्हटलं, असू दे. निदान माझा सूर तरी त्यांच्या नावाने राहील."

खजिनदारांनी तोंडातला रुमाल काढून डोळ्यांना लावला. सेक्रेटरींनी फोटोपुढे जोडलेले हात आता काकूंपुढे जोडले.

"खोली तुमचीच," काकू खुर्चीचा आधार घेऊन उठत म्हणाल्या. "फक्त ही सगळी वाद्यं जरा खालच्या सुरात लाव. या वयात मला आता एवढं वर जात नाही. आणि जावई काही एवढ्यावर गप्प बसायचे नाहीत, पुढच्या आठवड्यात परत येतील."

सेक्रेटरींनी भिंतीला लागून उभ्या असलेल्या त्या सगळ्या वाद्यांकडे, त्यांच्या त्या सगळ्या खुंट्यांकडे पाहिलं, आणि बाह्या वर सारल्या.