डॉलर चढेपर्यंत

"बाई, कोष म्हंजी चुलीवरचं दूध. टायमावर उतरवलं तर आपलं, नाहीतर चुलीचं."

जालन्याच्या रेशीम बाजारातले व्यापारी गयासोद्दीन चाचा यांनी सुरेखाला पहिल्याच खेपेला हे बजावलं होतं. सुरेखाने मान डोलावली आणि ते वाक्य तिथंच बाजारात सोडून ती पिंपळगाव रेणुकाईला परत आली. तिने अर्थशास्त्रात एम.ए. केलं होतं. जगाचा बाजार दुधाच्या हिशेबाने चालत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

यंदाचे कोष तर असे निघाले होते की बघत राहावं. पांढरेशुभ्र, बोटांत धरले तर टणक. संपतने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, ते पोत्यांत भरून ओट्यावर मांडले आणि जालन्याला न्यायला छोटा हत्ती टेम्पो बोलावला. गाडी दारात लागली तशी सुरेखा लेकीला, शिवन्याला, कडेवर घेऊन आडवी उभी राहिली.

"गाडी परत पाठवा. आज इकायचे न्हाईत."

"का? कोषाला ताप आला का?" संपतने विचारलं. सुरेखा दिवसातून दहादा शिवन्याचं कपाळ चाचपायची, त्यामुळे या घरात काहीही थांबलं की कारण ताप हेच असायचं.

"तिकडं अमेरिकेनं व्याज वाढवलंय. आता डॉलर चढणार. डॉलर चढला की चीनचं रेशीम महाग पडतं, आणि ते महाग झालं की इथल्या कोषाला भाव येतो."

सासरे सर्जेराव चहा बशीत ओतत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "अमेरिकेनं व्याज वाढवल्यावर आपल्याला काय करायचं?"

"मामा, तिकडं व्याज जास्त दिसलं की जगातला पैसा आपल्यासारख्या देशांतून उठतो अन् तिकडं जातो."

"जाऊ दे की. इथं व्हता तवा तरी आपल्याला कुठं भेटायला आल्ता?"

संपत हसला. सुरेखा हसली नाही. "तेच तर म्हणून राह्यले. ज्याला थांबता येतं तो भाव ठरवतो. आपण दर बारीला घाई करतो अन् दुसऱ्यानं ठरवलेल्या भावाला मुंडी हलवतो. ह्या बारीला न्हाई हलवायची."

सर्जेरावांनी मिशी पुसली. मिरचीचं अर्धं चांगलं रान मोडून तिथे रेशमाच्या किड्यांसाठी तुती लावायची हा हट्ट सुरेखाचाच होता, आणि तो त्यांच्या मनात अजून कुसळासारखा सलत होता. "मंग ऐक. ही खेप वाया गेली तर तुती उपटायची अन् त्या रानात मिरची लावायची. बराबर?"

"बराबर," सुरेखा म्हणाली. गाडी रिकामी परत गेली.

आता कोष ठेवायचे तर आतला किडा मारावा लागतो. नाहीतर तो पाखरू होतो आणि कोषाला भोक पाडून बाहेर येतो. व्यापारी त्यासाठी भट्टीत कोष वाळवतात. सुरेखाकडे भट्टी नव्हती, गच्ची होती. तिने कडक उन्हात कोष पसरले. दुपारी तिला वाटलं, एवढ्या उन्हात रेशीम करपेल. तिने वरून जुनी साडी अंथरली. मग वाटलं, खालची फरशी फार तापली असेल. तिने कोष जिन्यात आणले. संध्याकाळी वारा सुटला तेव्हा ते माजघरात आले. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, म्हणून वर नेलेच नाहीत. डास बसू नयेत म्हणून शिवन्याची मच्छरदाणी त्यांच्यावर घातली आणि पंखा एकावर ठेवला.

सासूबाई बेबीनंदा दारातून बघत होत्या. "अगं, ह्यांना मारायचंय का बाळसं आणायचंय?"

"आत्याबाई, ऊन लागलंय त्यांना. बिलकुल मेलेत."

डॉलर मात्र शब्दाला जागला. रोज थोडा थोडा चढत गेला. शिवन्या झोपली की सुरेखा मोबाइल उघडायची आणि आकडा बघून स्वतःशीच मान उडवायची. चाचांचा फोन आला. "बाई, भाव वर सरकून राह्यला. आणा आता."

"आणखी सरकू द्या, चाचा."

"अहो, ते दूध..."

"दूध तुमच्याकडं. आमच्याकडं अर्थशास्त्र हाय," म्हणत तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शिवन्याच्या खिदळण्याने जाग आली. लेक अंथरुणात बसून टाळ्या पिटत होती आणि तिच्या नाकावर एक गुबगुबीत पांढरं पाखरू पंख थरथरवत बसलं होतं. सुरेखाने किंचाळून ते झटकलं आणि आधी लेकीचं कपाळ बघितलं. ताप नव्हता. मग तिने माजघर बघितलं.

मच्छरदाणी आतून हलत होती. टीव्हीवर पाखरं, देव्हाऱ्यावर पाखरं, पिठाच्या डब्यावर पाखरं. या जातीला उडता येत नाही, नुसतं फडफडत सरपटायचं. शिवाय बाहेर आल्याबरोबर त्यांनी जोडीदार शोधले होते. माजघरात सामुदायिक विवाह लागल्यासारखी गर्दी उसळली होती. दिवाळीत रंगवलेल्या भिंतींवर त्यांनी तांबडे ओघळ सोडले होते, आणि सर्जेरावांच्या खुंटीवरच्या टोपीत कुणीतरी खसखस सांडावी तशी अंडी घातली होती.

"दार लावा!" सुरेखा ओरडली. पण सासूबाईंनी तोवर पाखरं हाकलायला दार सताड उघडलं होतं. अंगणातल्या कोंबड्यांना एवढं निमंत्रण पुष्कळ झालं. त्या झुंडीने आत घुसल्या. कोंबड्यांमागे कुत्रा आला. कुत्र्याला हाकलायला संपत झाडू घेऊन धावला आणि मच्छरदाणीत पाय अडकून कोषांच्या ढिगाऱ्यावर आडवा झाला. सर्जेराव झोपेतून उठले, सवयीने टोपी डोक्यावर चढवली, आणि लगेच काढून आत बघितलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, कमाल झाली!" चाचांचा आवाज घरभर ऐकू गेला, कारण शिवन्याने स्पीकर दाबला होता. "तुमचा डॉलर बराबर निघाला. असा भाव मी ह्या साली बघितला न्हाई. आणा, जल्दी आणा!"

एक कोंबडी पाखरू गिळून पुढच्याकडे वळली.

तरी सुरेखा कोष घेऊन जालन्याला गेलीच. सर्जेराव सोबत आले. त्यांना निकाल डोळ्यांनी बघायचा होता. चाचांनी एक कोष उचलून भोकातून पलीकडे बघितलं. "बाई, ह्याचा धागा तुटका निघतो. कताईवाले घेतील, पण मातीमोल."

आजूबाजूचे शेतकरी तोंड दाबून हसायला लागले. सुरेखाने पदर खोचला.

"हसा. पण भाव कुणी आधी सांगितला? मीच ना? अंदाज माझा चुकला न्हाई. थांबायला भट्टी लागते, ती माझ्याकडं न्हाई, एवढंच. ज्याच्याकडं भट्टी, तो थांबतो. ज्याच्याकडं न्हाई, त्याला जग शहाणपण शिकवतं. पुढच्या खेपेला गावातल्या बायका मिळून भट्टी घेतो, मंग बघू कोण कुणाच्या भावाला मुंडी हलवतं!"

चाचांनी कोष हळूच खाली ठेवला. "बाईचं चुकत न्हाई," ते सर्जेरावांना म्हणाले. "भट्टी हाय म्हणून तर आम्ही व्यापारी."

परतीच्या वाटेवर सर्जेराव रस्त्याकडेची मिरचीची रानं बघत होते. आता घरी गेल्यावर तुती उपटायला कुदळ निघणार, असं सुरेखाने धरूनच ठेवलं. गाव जवळ आलं तेव्हा ते खाकरले.

"सुरेखा, डॉलर अजून चढंल का गं?"

"चढंल असं दिसतंय, मामा. का?"

"काही न्हाई. आपली हिरवी मिरची दुबईला जाती, डॉलरात इकली जाती, म्हणून इचारलं."

कुदळ निघाली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिरची तोडायला आलेल्या बायकांना बांधावरूनच परत पाठवलं. सुरेखा धावत रानात गेली. "मामा, तोडायला आलेली मिरची अशी ठेवू नका!"

"तूच म्हणली ना, थांबंल तो भाव ठरवतो? मंग थांबतो." आणि ते ठसक्यात म्हणाले, "मिरचीला काय पंख फुटत न्हाईत!"

तुती आता सुरक्षित होती. पाला तोडत ती नव्या खेपेच्या तयारीला लागली. शेजारचं मिरचीचं रान मात्र हिरव्याचं पोपटी, पोपटीचं तांबूस होत चाललं.

तुम्ही कधी भोकरदनकडून पिंपळगाव रेणुकाईच्या वाटेला आलात, तर रस्त्याकडेच्या लाल रानात बांधावर एक म्हातारे गृहस्थ मोबाइल कानाला लावून बसलेले दिसतील. जरा थांबा. दुपारची भाकरी खाल्ली का, ऊन तर लागलं नाही ना, तेवढं विचारून या. आणि डॉलर सकाळपासून घसरतोय, हे मात्र आपल्या तोंडाने सांगू नका.