महाराज दुंदुभींच्या स्पीकरमधली घूं

एका जंगलात वीज आली होती. म्हणजे ती कधी असायची, कधी नसायची, पण बिल तिथे कोणी मागत नव्हतं, म्हणून सगळे खूश होते. मुलांनो, नीट मांडी घालून बसा. आज गोष्ट ऐकायची आहे, आणि ऐकण्याचीच गोष्ट आहे.

त्या जंगलाचा राजा होता एक सिंह. नाव महाराज दुंदुभी. त्यांच्या वडिलांनी हौसेने दोन मोठे स्पीकर आणले होते. सागवानी खोकी, पुढे जाळीचं कापड, आणि अँप्लिफायर त्यांच्या पोटातच बसवलेला. म्हणून दोघांनाही आपापला विजेचा प्लग लागायचा. तीस वर्षांपूर्वीचा माल, पण आवाज असा की ओढ्यापलीकडचं माकडसुद्धा दचकावं.

दर सोमवारी महाराज या स्पीकरवरून भाषण करायचे. अडचण एवढीच होती, की भाषणाबरोबर स्पीकरमधून एक आवाज यायचा. घूंऽऽऽ. महाराज बोलायच्या आधी घूं, बोलताना घूं, बोलून झाल्यावरही घूं. त्या घूंमधून एखादा शब्द वर यायचा आणि पुन्हा बुडायचा. 'प्रजा' यायचा. 'त्याग' यायचा. हे दोन शब्द आले की सगळे टाळ्या वाजवायचे आणि घरी जायचे.

या घूंपायी शेवंती नावाच्या हरणीची अर्धी शेपटी गेली.

झालं असं. एका सोमवारी महाराज पाणवठ्यांबद्दल बोलले. शेवंतीला ऐकू आलं, की हरणांनी उत्तरेच्या पाणवठ्यावर जावं. ती गेली. तिथे मगर होती. शेवंती वाचली, शेपटी मात्र अर्धीच परत आली.

कळपाने तिलाच बोल लावला. "अगं, 'जाऊ नये' म्हणाले असतील महाराज," तिची सासू म्हणाली. "नीट ऐकावं माणसानं."

"आपण माणसं नाही, आत्याबाई," शेवंती म्हणाली.

"तेच ते. कान एवढे मोठे दिलेत देवानं."

शेवंतीला मनातून खात्री पटली, की आपल्याला कमी ऐकू येतं. ती कोणाशी बोलताना मान वाकडी करून कान पुढे करू लागली. पिल्लाने हाक मारली तरी दोनदा विचारायची, "काय म्हणालास?"

शेवटी धीर करून ती दरबारात गेली. "महाराज, स्पीकरमधली घूं काढता आली तर पाहा. माझ्यासारख्या बहिऱ्यांची सोय होईल."

महाराजांनी प्रधानाकडे पाहिलं. प्रधान कोल्हा होता.

"ती घूं नाही, महाराज," कोल्हा म्हणाला. "तो आपल्या वाणीचा भारदस्तपणा आहे."

महाराजांना ते पटलं. पण महाराणीही तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे जेवायला गेल्यावरसुद्धा तो भारदस्तपणा स्पीकरमधून येत असतो. दुरुस्त करून घ्या."

मग जाणकार आले. मोराने सांगितलं, स्पीकरची तोंडं पूर्वेला करा. केली. घूं पूर्वेला गेली. कोल्ह्याने दूरच्या जंगलातून सोनेरी वायर मागवली. तिच्या स्वागताला कमान उभारली. वायर जोडली आणि घूं आता सोनेरी वायरमधून येऊ लागली.

शेवटी शेवंतीने सुतारकाकांना बोलावून आणलं. सुतारकाका म्हणजे म्हातारा सुतारपक्षी. जुने रेडिओ खोलण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. तो कमी बोलायचा आणि जास्त ठोकायचा.

त्याने आधी काही खोललंच नाही. "माइककडून येणाऱ्या वायरी दोन्ही स्पीकरमधून काढा," तो म्हणाला. "वीज चालू राहू द्या."

वायरी काढल्या. उजवा स्पीकर गप्प झाला. डावा घूं करतच राहिला.

"म्हणजे रोग दोन आहेत," काका म्हणाला. "डाव्याचा त्याच्या पोटात आहे. उजव्याचा बाहेरून येतोय."

त्याने डाव्याचा प्लग काढला, मागची फळी उघडली आणि स्वस्थ बसून राहिला.

"आता कशाची वाट पाहताय?" कोल्ह्याने विचारलं.

"प्लग काढला तरी आत वीज साठलेली असते, प्रधानजी. ती उतरवल्याशिवाय हात घालू नये."

प्रधानाला कोणी थांब म्हटलेलं आवडत नाही. कोल्ह्याने पंजा आत घातला. पुढचा अर्धा तास त्याच्या अंगावरचा एकूण एक केस उभा होता, आणि तो स्वतः बसलेला होता.

साठलेली वीज उतरवल्यावर काकाने आतून एक फुगलेला कंडेन्सर काढला. "विजेतले हेलकावे गिळून टाकायचं याचं काम," तो शेवंतीला म्हणाला. "तीस वर्षं गिळून गिळून आतून वाळलाय बिचारा." त्याने नवा कंडेन्सर बसवला, कथलाचा डाग देऊन जोडला, फळी लावली. डावा स्पीकर शांत झाला.

मग वायरी पुन्हा जोडल्या. घूं परत आली.

शेवंतीची मान खाली गेली. काका मात्र विजेच्या वायरींमागे उडत उडत प्लगांपर्यंत गेला. उजव्या स्पीकरचा प्लग महाराजांच्या गुहेच्या बोर्डात होता. डाव्याचा प्रधानाच्या कचेरीतल्या बोर्डात. दोन बोर्ड, दोन अर्थिंग.

"दोघांची जमीन वेगळी आहे," काका म्हणाला. "त्या फरकाची वीज माइकच्या वायरीतून इकडून तिकडे फिरतेय. तीच घूं." त्याने दोन्ही प्लग गुहेच्या एकाच बोर्डात घातले.

घूं गेली. इतकी शांतता झाली, की माइकजवळची एक माशी पाय चोळत होती तेही स्पीकरमधून ऐकू आलं.

सोमवार आला. सगळं जंगल जमलं. महाराज बोलू लागले, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा ते काय बोलतात हे लोकांना समजू लागलं.

"प्रिय प्रजाजनहो," महाराज म्हणाले. "मागचंच... हे मागचंच भाषण आहे ना?"

"तेच आहे, वाचा," मागून कोल्ह्याचा आवाज स्वच्छ आला.

"प्रजेने त्याग करायला शिकलं पाहिजे. मगरींनाही पोट आहे. तेव्हा हरणांनी उत्तरेच्या पाणवठ्यावरच जावं. सशांनी आमच्या गुहेवरून जावं, जाताना जाडजूड सशांनी पुढे राहावं."

कोणी टाळी वाजवली नाही. शेवंती मान सरळ करून उभी होती. तिने शेजारी पाहिलं. सासू जमिनीकडे बघत होती.

"आत्याबाई," शेवंती हळूच म्हणाली, "मला ऐकू येतं."

"येतं गं बाई," सासू म्हणाली. "मला तेव्हाही हेच ऐकू आलं होतं. मला वाटलं, मीच बहिरी."

त्या दिवशी संध्याकाळच्या आत हरणं ओढ्यापलीकडच्या जंगलात निघून गेली. पाठोपाठ ससे गेले, जाडजूड ससे सर्वांत पुढे.

सुतारकाकाला दरबारात उभं केलं. आरोप होता शांतता भंग केल्याचा.

"मी तर शांतता केली," काका म्हणाला.

"तिनेच तर शांतता भंगली," कोल्हा म्हणाला. "आता जशी होती तशी घूं परत आण."

"बिघाड काढायला येतो मला. घालायला शिकलो नाही."

काकाला हद्दपार केलं. तो ओढ्यापलीकडे गेला. तिथे हरणांनी त्याला एक चांगलं वाळलेलं झाड दिलं.

इकडे राजाज्ञेने एक नवं खातं निघालं. त्यात चाळीस भुंगे कायम नोकरीवर घेतले. दर सोमवारी ते स्पीकरच्या खोक्यात बसून घूं करतात. उरलेल्या प्रजेचं म्हणणं असं, की भाषणात पूर्वीची गोडी पुन्हा आली आहे.

तात्पर्य: यंत्रात घरघर असेल तर ती जरूर काढावी. मात्र त्याआधी बोलणाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी. ऐकणाऱ्याला विचारण्याचं कारण नाही. तो टाळ्या वाजवतोच आहे.