चांगल्या दातांची तक्रार

घड्याळजीला शाळेतून बोलावणं आलं, ते मुलीच्या दातांबद्दल. तिचा एकही दात किडलेला नव्हता आणि ही बाब गंभीर होती.

"रोज दोनदा घासते?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"हो बाई. मीच सवय लावलीय," घड्याळजी कौतुकाने म्हणाला.

"शाळेचा थोडा तरी विचार करायचात!" बाईंनी दार लोटून घेतलं. वर्षअखेरीस आरोग्य खात्याचं दंत-सर्वेक्षण होतं. ज्या शाळेत सर्वाधिक किडके दात, तिला खुर्चीसकट दाताचा डॉक्टर मिळणार होता. मागच्या खेपेला पलीकडच्या शाळेने बाजी मारली होती. "त्यांची मुलं मेहनती आहेत हो," बाई हळहळल्या. "आपली सरासरी तुमच्या चिमीसारखी चार पोरं बिघडवतात."

घड्याळजी आधी अडून बसला. पण पालकसभेत शेजारीण सगळ्यांदेखत म्हणाली, "भाऊजी, तुमच्या चिमीच्या बत्तीशीपायी आमच्या पोरांनी ठणका सोसायचा का?" त्याने मान खाली घातली आणि घरी येऊन चिमीचा ब्रश कपाटावर टाकला. शाळेत प्रार्थनेनंतर गोळ्या-चॉकलेटं वाटली जाऊ लागली. डबा खाल्ल्यावर चूळ भरणं हा शिस्तभंग ठरला.

शाळा पहिली आली. खुर्ची आली, डॉक्टरही आला. दुर्दैवाने तो कामसू निघाला. आल्या आल्या त्याने दाढा भरायचा असा सपाटा लावला, की बाईंचं धाबं दणाणलं. हे असंच चाललं तर पुढच्या सर्वेक्षणात शाळा घसरणार आणि डॉक्टर हातचा जाणार!

तातडीची पालकसभा भरली. 'डॉक्टरांची सेवा शाळेस कायमस्वरूपी लाभावी, यास्तव त्यांना विद्यार्थ्यांच्या दातांपासून दूर ठेवण्यात यावे,' असा ठराव बाईंनी वाचून दाखवला.

"मग मी करू काय?" डॉक्टरने विचारलं.

"बसा ना. चहा येतोय."

चिमी सुजलेला गाल धरून घड्याळजीला बिलगून बसली होती. "बाबा, दाढ फार दुखतेय. डॉक्टरकाका बघा, तिथेच तर बसलेत. सांगा ना त्यांना."

"जरा कळ काढ, बाळा. ते जाऊ नयेत म्हणूनच चाललंय हे सगळं," तिच्या डोक्यावरून हात फिरवत तो म्हणाला आणि तोच हात त्याने ठरावासाठी वर केला.

सभेला झाडून सगळे पालक हजर होते. सगळे तुमच्या-आमच्यासारखेच, समजूतदार आणि पोरांवर जीव टाकणारे. ठराव एकमताने मंजूर झाला.